कोपऱ्यावर कोणाला उभे करावे?

शाळेचा कबड्डीचा संघ निवडायची वेळ आली की काय होते, ते आपण सगळे जाणतो. उंच, चपळ, चार पोरांत उठून दिसणारा मुलगा पुढे काढला जातो. "हा चढाईला." अंगाने भरलेला, जरा सुस्त वाटणारा मागे जातो. "तू कोपरा धर." उरलेल्यांना मध्ये कोठेतरी खपवतात. पाच मिनिटांत सात जागा भरतात. मग ज्याला जी जागा मिळाली ती त्याच्या कपाळी दहावीपर्यंत चिकटते. भिवापूर काय, उमरेड काय, कुही काय, तालुक्याची स्पर्धा जवळ आली की सगळीकडे हाच प्रकार. गुरुजींचाही दोष नाही म्हणा. पटावर मुले थोडी, हाताशी दिवस आठ, आणि शिकवायला इतर विषय डोक्यावर.

पण वाचकहो, या सात जागा मुळात आल्या कोठून, याचा विचार आपण फारसा करीत नाही. कोपरा, आतला, मधला, चढाई करणारा हे भेद काही मुलाच्या जन्माबरोबर येत नाहीत. ते खेळाबरोबरही जन्मलेले नाहीत. नियमांनी ते एकेक करून घडवले, आणि तेही गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत. हा इतिहास समजून घेतला, तर पाच मिनिटांत सात जागा भरताना आपला हात थोडा आखडेल असे मला वाटते.

आपल्याकडे या खेळाचे जुने नाव हुतूतू. बंगाल्यात तोच हाडुडू, दक्षिणेत चेडुगुडू. सुगी आटोपलेल्या वावरात, नदीच्या वाळूत, देवळापुढच्या पटांगणात पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली की मैदान तयार. गडी जितके जमतील तितके, दोन्ही बाजूंना सारखे झाले की पुरे. दम कोठपर्यंत टिकतो तोवर चढाई चालायची. अशा खेळात जागा कसल्या आणि कसले काय! जो जवळ असेल त्याने धरायचे, ज्याच्या छातीत दम असेल त्याने जायचे.

त्या काळी खेळाचे मुख्य प्रकार तीन होते : संजीवनी, गामिनी आणि अमर. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या बाजूने समोरचा गडी बाद केला की पुन्हा जिवंत होऊन आत येतो. अमर प्रकारात कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. आणि गामिनीत बाद झाला तो बाहेर बसला, तो समोरचा किंवा आपला अख्खा संघ संपेपर्यंत. आता विचार करा, गामिनीत शेवटी एकटा गडी उरला, आणि तो नुसता पाय धरण्यात पटाईत असला, तर त्याचे काय होणार? चढाई त्यालाच करायची, बचाव त्यालाच करायचा. म्हणून गामिनी खेळणाऱ्याला सगळेच यावे लागे. एकाच कामाचा माणूस त्या खेळाला परवडत नसे. पुढे जगभर पसरली ती संजीवनी, आणि तीच आजची कबड्डी. बाद झालेला परत येणार म्हटल्यावर एकेकाला एकेक काम वाटून देण्याची सोय झाली. जागा जन्माला येण्याची पहिली वाट इथे मोकळी झाली.

दुसरी वाट मोकळी केली ती छापील नियमांनी. हे काम महाराष्ट्राने हाती घेतले. १९१८ च्या सुमारास सातारा-पुण्याकडच्या मंडळींनी नियम जुळवायला सुरुवात केली. १९२३ मध्ये ते छापले गेले, आणि त्याच साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने मोठ्या स्पर्धा भरवल्या. आपल्या विदर्भाचाही यात मोठा वाटा आहे, तो विसरता कामा नये. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ देशी खेळ शास्त्रशुद्ध रीतीने शिकवणारे शिक्षक तयार करू लागले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकाने तिकडच्या लोकांना कबड्डी करून दाखवली. अमरावतीचे पथक बर्लिनला! त्या दिवसांत बोटीने किती दिवसांचा तो प्रवास. पुढे १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय खेळांत कबड्डी आली, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, आणि १९५२ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाल्या. त्या वेळी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होती. आज आपण महाराष्ट्रात असलो, तरी राष्ट्रीय कबड्डीत विदर्भाचा संघ निराळा उतरतो, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटते.

सनावळी राहू द्या. मला सांगायचे आहे ते या नियमांनी मैदानावर ज्या रेघा ओढल्या त्यांबद्दल. रेघ ओढली की तिच्यापाशी एक काम तयार होते, आणि काम तयार झाले की ते करणारा माणूस लागतो.

पुरुषांचे मैदान आज १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मध्यरेषेने त्याचे दोन भाग होतात, म्हणजे एकेका बाजूला साडेसहा मीटर. मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा. चढाईला गेलेल्या गड्याने कोणाला स्पर्श केला नाही, तर निदान ही रेषा तरी ओलांडून यायलाच हवे, नाहीतर तो बाद. या एका रेघेने काय केले पहा. जुन्या हुतूतूत चढाई करणारा मध्यरेषेजवळ घुटमळून, दम राखून परत जाऊ शके. आता त्याला आत यावेच लागते. तो आत यायचाच आहे म्हटल्यावर बचाव करणाऱ्यांना त्याच्या मागे धावायचे कारण उरले नाही. त्याची वाट पाहत, हात धरून, साखळी करून उभे राहायचे. आणि साखळी म्हटली की तिला दोन टोके आली. ती टोके म्हणजे आपले डावा कोपरा आणि उजवा कोपरा.

कोपऱ्यावरच्या गड्याचे काम सगळ्यांत जोखमीचे. त्याचा एक हात साखळीत, दुसरा मोकळा. चढाई करणारा त्याच्या अंगावर येतो, पायाच्या बोटाने स्पर्श करायला पाय लांबवतो, आणि तोच पाय घोट्यापाशी धरायचा असतो. क्षणभर आधी झेपावले तर पाय मागे जातो, क्षणभर उशीर झाला तर आपणच बाद. धरल्यावरही एकट्याने भागत नाही. शेजारचा आतला गडी आणि मध्यरक्षक धावून आले नाहीत, तर दांडगा चढाईपटू कोपरेवाल्याला फरपटत मध्यरेषेपर्यंत नेतो आणि धरणारे सगळेच बाद होतात. म्हणून मध्यरक्षकाचे काम निराळे. त्याने पायाकडे बघायचेच नाही, परतीची वाट रोखायची. कोपरेवाला धरतो, मध्यरक्षक कोंडतो. एकाला धीर हवा, दुसऱ्याला झेप.

पुढे निदान रेषेच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा आली. समोर सहा किंवा सात गडी असताना चढाईपटूने एक पाय तिच्या पलीकडे टेकवून दुसरा हवेत ठेवला की त्याला एक गुण मिळतो, स्पर्श केला नाही तरी. लगेच एक नवा माणूस तयार झाला : लांब पायांचा, तोल सांभाळणारा, घाई न करणारा, बोनस खात बसणारा चढाईपटू. २०१६ च्या विश्वचषकात भारताचा कर्णधार असलेला अनुप कुमार या विद्येत वाकबगार होता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तिने आणखी दोन गोष्टी आणल्या. दोन चढाया कोरड्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच, नाहीतर बाद. आणि मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली, तर जादा गुण, ती अव्वल पकड. पहिल्या नियमाने धिम्या चढाईपटूची पंचाईत केली, दुसऱ्याने हिमतीच्या कोपरेवाल्याचा भाव वाढवला. मुले तीच, माती तीच. रेघ बदलली, की कालचा निरुपयोगी मुलगा आज संघाला हवासा होतो.

ही गोष्ट आपल्याच खेळापुरती नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात, कोळशाच्या खाणींच्या आणि कापडगिरण्यांच्या गावांत, रग्बी लीग नावाचा खेळ आहे. लंबगोल चेंडू छातीशी धरून पळायचे आणि समोरच्यांनी त्याला कवळ घालून पाडायचे. कबड्डी खेळणाऱ्याला त्यातली पकड बघून आपल्या गावची आठवण यावी. खाणीत आणि गिरणीत काम करणारे खेळाडू सामन्यासाठी सुट्टी घेत, त्यांची मजुरी बुडे. ती भरून द्यावी की नाही, यावरून जुन्या रग्बी मंडळाशी बिनसले आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. १९०६ मध्ये त्यांनी पंधराचे तेरा गडी केले. दोन जागा एका दिवसात पुसल्या गेल्या! १९६६ पर्यंत चेंडू एका बाजूकडे कितीही वेळ राहू शके. त्या साली नियम झाला की चार वेळा पाडले की चेंडूवरचा ताबा जाण्याची पाळी येणार, आणि १९७२ मध्ये चाराचे सहा झाले. तिकडे हूकर नावाची एक जागा आहे. पूर्वी त्याचे मुख्य काम म्हणजे गड्यांच्या गर्दीत पायाने चेंडू मागे ओढून घेणे. पुढे त्या गर्दीतल्या झटापटीला महत्त्व उरले नाही आणि हाच हूकर जमिनीवरचा चेंडू उचलून खेळाला दिशा देणारा झाला. नाव जुने राहिले, माणूस मात्र पार निराळा लागू लागला. पायाने ओढणारा गेला, डोक्याने खेळणारा आला.

तिकडच्या खाणींच्या गावांत गमतीने सांगत की संघाला दांडगा गडी हवा असेल तर खाणीच्या तोंडाशी जाऊन शिट्टी वाजवावी, एक वर येईल. फेदरस्टोन हे असेच खाणीचे लहानसे गाव. त्याच्या संघाने १९६७, १९७३ आणि १९८३ असा तीनदा मानाचा चॅलेंज चषक जिंकला. उमरेडच्या खाणी आपल्याला लांब नाहीत, म्हणून हे सांगितले. पण शिट्टीचा हा जमाना पुढे सरला. आता तिकडचे क्लब चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हाताशी धरतात आणि काही वर्षे शिकवतात. आणि तिथेही जाणत्यांना हेच कोडे पडते : मुलाला जागा केव्हा द्यावी? एलरी हॅन्ली या नामांकित खेळाडूचे उदाहरण पहा. १९८४-८५ च्या हंगामात ब्रॅडफर्डकडून त्याने मागच्या फळीत खेळून ५५ वेळा चेंडू गोलरेषेपार टेकवला. एवढे यश मिळाल्यावर कोण जागा बदलेल? पण पुढे विगन क्लबात तो पुढच्या फळीतला, कवळ घालणारा, झुंजणारा गडी झाला, आणि तिथेही अव्वल ठरला. त्याला लहानपणी कोणी एकाच खुंटीला बांधले असते तर हे व्हायचे नव्हते.

आता परत आपल्या शाळेच्या मैदानावर येऊ. शालेय स्पर्धांत १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे तीन गट असतात. संघटनेच्या स्पर्धांत किशोर गटाला १६ वर्षे आणि ५५ किलो, कुमार गटाला २० वर्षे आणि ७० किलो अशी मर्यादा असते. म्हणजे कबड्डीत नुसते आडदांड असून चालत नाही, काटा आडवा येतो. आता बघा, अकराव्या वर्षी जो मुलगा वर्गात सगळ्यांत उंच आणि भरलेला असतो, तो पुष्कळदा लवकर वाढलेला असतो इतकेच. पंधराव्या वर्षी बाकीचे त्याला गाठतात, काही ओलांडून जातात. ज्याला "तू जाड आहेस, कोपरा धर" म्हणून उभे केले, तो चार वर्षांत सडपातळ होतो, पण त्याने एकदाही चढाई केलेली नसते. आणि ज्या चपळ पोराला फक्त चढाया करायला लावल्या, त्याला घोटा धरता येत नाही. तो बाद होऊन परत आत आला, समोरून चढाई आली, की साखळीतला सगळ्यांत कच्चा दुवा तोच. समोरचा कर्णधार हुशार असला तर त्याला शोधूनच चढाई करतो.

आणखी एक बारकावा सांगतो. चढाईपटू आणि बचाव करणारे समोरासमोर उभे असतात. म्हणून चढाई करणाऱ्याचा उजवा हात येतो तो बचावाच्या डाव्या कोपऱ्यासमोर. आपली बहुतेक मुले उजव्या हाताची, तेव्हा सगळ्यांत जास्त मारा डाव्या कोपऱ्यावर होतो. म्हणजे "तिथे थांब" म्हणून ज्या मुलाला आपण कमी समजून उभे करतो, त्याच्यावरच सामन्याचा भार पडतो! आणि वर्गात डावखुरा मुलगा असेल, तर त्याला शोधून चढाईला घालून बघावे. समोरच्या संघाला उलट्या बाजूचा पाय ओळखायला वेळ लागतो.

कोपऱ्याची किंमत आपल्या देशाला एकदा चांगलीच कळली. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डीला पदक आले, तेव्हापासून २०१४ पर्यंत पुरुषांचे प्रत्येक सुवर्ण भारताचे. मग २०१८ मध्ये जकार्त्याला उपांत्य सामन्यात इराणने आपल्याला २७-१८ असे हरवले. आपल्याकडे नावाजलेले चढाईपटू होते, आणि त्यांचे गुण झाले अठरा, हे लक्षात घ्या. इराणचे गडी कुस्तीच्या मुलखातले. फजल अत्राचली हा त्यांचा डावा कोपरा. प्रो कबड्डीत त्याला बघायला लोक गर्दी करीत, आणि तो चढाईपटू नव्हता! आपल्याकडे टाळ्या चढाईला पडतात, पकडीला हळहळ मिळते. पोरे बघून शिकतात. कोपऱ्यावर उभे राहणे म्हणजे उरलेल्यात जाणे, असे ज्या गावात मुलाला वाटते, तिथे कोपरा कसा तयार व्हावा?

त्याच जकार्त्याला इराणच्या मुलींनीही अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवले. त्या मुलींची शिक्षिका कोण होती, ठाऊक आहे? नाशिकच्या शैलजा जैन. या बाई इराणात गेल्या, तिथली फारसी भाषा शिकल्या, मुलींना योगासने आणि प्राणायाम शिकवला, आणि त्यांच्याकडून सुवर्ण मिळवले. आपल्याच मातीत शिकलेली विद्या. पाच वर्षांनी, २०२३ मध्ये चीनमधील हांगचौ येथे भारताने दोन्ही सुवर्णपदके परत आणली. पुरुषांनी इराणला ३३-२९ असे आणि मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असे हरवले. एका गुणाने! एखादी पकड इकडची तिकडे झाली असती तर निकाल बदलला असता.

तेव्हा गुरुजी आणि बाईंना एक सुचवावेसे वाटते. पाचवी ते सातवीपर्यंत कोणाची जागा ठरवूच नका. सराव चालू असताना दर लोण झाल्यावर सातही जणांना एकेक जागा सरकवा, जसे फेर धरलेले गडी सरकतात तसे. आज जो डाव्या कोपऱ्यावर, तो उद्या मध्ये, परवा उजवीकडे. गावात मुले कमीच असतात, आठ-दहा जमली तरी पुष्कळ. त्यात हे उलट सोपे जाते. महिन्यातून एकदा जुनी गामिनी खेळवा. शेवटी एकटा उरलेला मुलगा काय करतो, ते बाजूला उभे राहून बघा. तालुक्याच्या सामन्यात जे दिसत नाही ते तिथे दिसते. आणि घोटा धरायला शिकवण्याआधी पडायला शिकवा, खांद्यावरून वळून, हनुवटी छातीशी लावून. आपली माती कडक. ती आधी खणून, गोटे-काटे वेचून, पाणी मारून मऊ करून घ्यावी लागते. मोठे सामने मॅटवर बूट घालून होतात आणि आपली मुले मातीवर अनवाणी खेळतात, हा फरक आहेच. पण पाऊल कधी उचलायचे आणि झेप कधी घ्यायची, हे मातीवरही शिकता येते.

मुलींच्या बाबतीत मला जरा जास्त बोलायचे आहे. भिवापूरकडे मिरचीचा हंगाम आला की घरातली मोठी मुलगी आईबरोबर सातऱ्यावर जाते, आणि मैदान सुटते. जी येते तिला अनेकदा नुसते पोरांच्या सरावात राखीव म्हणून उभे करतात. तसे करू नये, त्यांचा खेळ निराळा आहे. मुलींचे मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, आणि निदान रेषा मध्यरेषेपासून तीन मीटरवर. रुंदी दोन मीटरने कमी, म्हणून साखळी आखूड होते आणि कोपरा मध्यरक्षकाच्या जवळ येतो. मदत लवकर पोचते, पण चढाई करणारीला परतायलाही अंतर कमी पडते. त्यामुळे मुलींच्या कोपरेवालीने झेप आणखी लवकर घ्यायला शिकावे लागते. मुलांच्या मैदानावर शिकलेली वेळ तिथे चुकते. शाळेच्या पटांगणात फक्कीने मुलींसाठी वेगळी निदान रेषा आखायला पाच मिनिटे लागतात. फूटपट्टी नसली तर मीटरभर दोरी पुरते.